काका, हे उडणार का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण नागपुरात खामल्याच्या आमच्या शेडमध्ये, जिथे आम्ही एका जुन्या विमानाचा पंख दुरुस्त करतोय, जो येतो तो चहा हातात पडायच्या आधीच विचारतो, काका हे उडणार का, आणि नाही म्हटलं की लगेच, मग कशाला एवढी मरमर करता, हे तर गोऱ्या लोकांचं खूळ आहे नं.

नाही उडणार. आमच्याकडे टायगर मॉथचा, म्हणजे एकावर एक पंख असलेल्या जुन्या शिकाऊ विमानाचा, एकच पंख आहे, खालचा. बाकीचं विमान एका फ्लाइंग क्लबच्या गोडाऊनमधून किलोच्या भावाने भंगारात गेलं, हा भिंतीमागे राहिला म्हणून वाचला. आठवलं की आजही जीव तुटतो, दुसऱ्या महायुद्धात आपली किती पोरं याच विमानावर उडायला शिकली होती.

आणि गोऱ्यांचं खूळ म्हणाल तर कानपूरचं ऐका. युद्ध संपल्यावर लिबरेटर बॉम्बर तिथे टाकून दिली होती, पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. 1948 मध्ये एचएएल या आपल्या विमान कारखान्याच्या माणसांनी त्यातली चाळीसच्या आसपास उभी केली, कानपूरला जेमतेम उडण्याजोगी करायची आणि जमशेद मुन्शी नावाचे पायलट एकेक करून ती बंगलोरला न्यायचे, असल्या डागडुजी केलेल्या विमानात बसायचं म्हणजे काय छाती असेल बघा. पुढे 1968 पर्यंत ती आपल्या एअर फोर्समध्ये होती. लंडनच्या आरएएफ म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या म्युझियममध्ये आज जे लिबरेटर उभं आहे ते आपणच दिलेलं, आणि भारतातून गेलेलं आणखी एक अमेरिकेत 1989 मध्ये पुन्हा उडालं.

बोटींचंही तसंच. पीटी-305 नावाची अमेरिकन लढाऊ बोट युद्धानंतर कुणीतरी मागून कापून छोटी केली आणि शिंपले काढायच्या धंद्याला लावली, न्यू ऑर्लिन्सच्या म्युझियममधल्या व्हॉलंटियर लोकांनी तिचा कापलेला भागसुद्धा नव्याने बांधला, दहाएक वर्षं लागली, 2016 मध्ये ती परत पाण्यात उतरली. त्यात बरेचसे रिटायर्ड लोक होते, आमच्यासारखे.

आता आमचा पंख. आतला सांगाडा लाकडाचा, त्यावर कापड चढवायचं आणि सांगाड्याच्या प्रत्येक फासळीला, म्हणजे आडव्या लाकडी पट्टीला, ते दोऱ्याने शिवून टाकायचं, नाहीतर हवेत कापड फासळीवरून उचललं जातं. त्यासाठी पंख उभा धरावा लागतो, एक माणूस या बाजूला, दुसरा त्या बाजूला, मध्ये लांब सुई. मी इकडून सुई घालतो, पलीकडचा ती ओढतो, फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत माझ्याकडे पाठवतो, मग मी गाठ मारतो. दोरा मेण लावलेला, बोटांना कापतो. आमची शिवण सुरुवातीला इतकी वाकडी यायची की शेवटी शेजारच्या काकूंना बोलावलं, त्यांनी जन्मभर गोधड्या शिवल्यात, त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, अहो भाऊ, दोरा प्रत्येक टाक्याला सारखा ओढा, एक सैल एक घट्ट नको. झालं, तिथून काम सुधारलं.

कापडावर मग डोप लावतात, म्हणजे एक प्रकारचं वार्निश, वाळताना ते कापड आवळून घेतं, टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजतं. पहिल्या वर्षी घाई केली आणि भर श्रावणात डोप लावला, हवेत ओल, तासाभरात पूर्ण पृष्ठभागावर पांढरट बुरशीसारखे डाग, दोन महिन्यांचं काम वाया गेलं. कापड फाडून परत सुरुवात. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन तर विचारूच नका, ब्रश फिरवायच्या आत वाळतं. म्हणजे नागपुरात डोप लावायचा तो दिवाळीनंतर, हे पुस्तकात वाचून नाही कळत, हात पोळल्यावर कळतं.

उडणार नाही तर गाठ नीट कशाला, असंही एकाने विचारलं. कारण ही गाठ मला ज्यांनी शिकवली ते आता नाहीत, आणि माझ्याकडून ती आत्तापर्यंत तिघेच शिकलेत, त्यातली एक पोरगी पॉलिटेक्निकची, तिची गाठ माझ्यापेक्षा चांगली बसते. वाकडी गाठ शिकवली तर ती वाकडीच पुढे जाणार नं.

अजून नऊ फासळ्या बाकी आहेत. रविवारी सकाळी सातला शेड उघडतो, पलीकडच्या बाजूला एक माणूस कमी पडतोय.