सनद हातात, खोली नाही

आज शिवाजीनगर कोर्टातलं काम लवकर आटोपलं, म्हणून आमच्या ज्युनिअरबरोबर खोली बघायला गेले. अंबाजोगाईची पोरगी, यंदा एलएलबी झाली, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नुकतीच मिळाली. नारायण पेठेत कॉट बेसिसवर जागा होती. एका खोलीत चार कॉट, खिडकीशी दोरीवर ओले कपडे, पुस्तकं ठेवायला कॉटखाली पत्र्याची ट्रंक. घरमालकीणबाई म्हणाल्या, "वकील नको गं बाई, उद्या आमच्यावरच केस टाकशील." पोरगी गप्प राहिली. मला फार लागलं ते.

सनदेची फी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७५० रुपयांवर आणली, चांगलंच झालं. त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेने, शहरात ज्युनिअरला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. पण ती शिफारस, बंधन नाही. कित्येक पोरं आजही जाण्यायेण्याच्या खर्चावर राबतात. न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर आता तीन वर्षं वकिली हवी, हा सुप्रीम कोर्टाचा २०२५ चा निकाल. अनुभव हवाच, मला पटतं. पण घरून पैसे येत नसतील तर ती तीन वर्षं काढायची कशावर?

सीनियर मंडळींनो, ज्युनिअरला ठरलेली रक्कम द्या आणि दरमहा वेळेवर द्या. आणि कोर्टापासून चालत जाता येईल अशी, मुलीला परवडेल अशी खोली कुणाला माहीत असेल तर मेसेज करा. महिनाअखेर तिला हॉस्टेल सोडायचंय.