बाकूचा पंचनामा

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार. अख्ख्या महाराष्ट्राचे डोळे विधानसभेच्या मतमोजणीवर आणि आम्ही वर्सोव्याच्या कोळीवाड्यात हवामान परिषदेची सभा लावलेली. खरं तर अझरबैजानच्या बाकूतली ही संयुक्त राष्ट्रांची परिषद शुक्रवारीच आटोपायची, पण ती लांबली नि आमचा दिवस फुकट गेला. ओळखीच्या वार्ताहराने सकाळीच फोनवर सांगून टाकलं, "आज समुद्र दादरपर्यंत आला तरी बातमी आतल्या पानावर."

संस्थेत माझं काम भाषांतराचं. आदल्या रात्री अडलं ते 'लॉस अँड डॅमेज'पाशी, म्हणजे हवामानबदलामुळे होणाऱ्या नुकसानीपाशी. 'हानी आणि नुकसान' म्हणजे एकच गोष्ट दोनदा. शेवटी कापडावर रंगवलं, 'नुकसानभरपाई द्या'. दिल्लीहून लगेच फोन: 'भरपाई' काढा. २०१५ च्या पॅरिसच्या ठरावातच लिहून ठेवलंय की 'लॉस अँड डॅमेज'च्या कलमाच्या आधारे कुणावर उत्तरदायित्व येत नाही, भरपाईही मागता येत नाही. मुद्दा बरोबर होता. पण कोळीवाड्यात याला दुसरं काय म्हणणार? मी शब्द ठेवला.

सभेला चाळीसेक माणसं, बहुतेक बायका. पुरुष मागे मोबाइलवर निकाल बघत उभे. आमचं कापड वाळत घातलेल्या बोंबलांच्या शेजारीच टांगलेलं. त्याचा वास अजून गेलेला नाही.

मी ग्लासगोचा किस्सा सांगितला. २०२१ मध्ये कोळशाचा वापर 'बंद' करायचा, असं मसुद्यात होतं; अगदी शेवटच्या घटकेला आपल्या मंत्र्यांनी ते 'कमी' करायला लावलं आणि परिषदेच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका शब्दासाठी एवढा तमाशा म्हटल्यावर लोक हसतील, असा माझा अंदाज. पुढ्यात बसलेली एक मावशी मुळीच हसली नाही.

"तौक्तेत आमची होडी फुटली," ती म्हणाली. "नाळ गेली, इंजिनात पानी. पंचनाम्यात लिवलं 'अंशतः'. 'पूर्णतः' असतं तर पैसे वेगळे. एका शब्दाचं आमाला नको सांगू."

मी गप्प.

"तुमच्या त्या बाकूत पंचनामा कोन करतं?"

दहा वर्षं मसुदे वाचतोय, हा प्रश्न कधी पडला नव्हता. म्हटलं, इजिप्तच्या शर्म अल-शेखला २०२२ मध्ये अशा नुकसानीसाठी वेगळा निधी ठरला, दुबईत तो सुरूही झाला, पण मच्छीमाराने स्वतः अर्ज करायची सोय नाही. पैसा येईल तो सरकारमार्फत.

"म्हंजे परत तलाठीच," मावशी म्हणाली. मागचे पुरुषही हसले. दिवसभरात आमच्याकडे बघितलं ते तेवढंच.

रविवारी पहाटे चारच्या सुमारास बाकूत ठरावावर हातोडा पडला. शुक्रवारच्या मसुद्यात विकसनशील देशांना हवामानासाठी द्यायचे वर्षाला २५० अब्ज डॉलर होते, त्याचे ३०० झाले, तेही २०३५ पर्यंत. विकसनशील देशांची मागणी १,३०० अब्जांची. हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी उभं राहून हे नाकारलं. मी आधी 'लॉस अँड डॅमेज' शोधलं. उल्लेख होता. रकमेत त्याचा वेगळा वाटा नव्हता.

नऊ वाजता मावशीला फोन लावला. ती बाजारात होती.

"नाव घातलंय, मावशी. पैसे नाही धरले."

"मग आपल्यापेक्षा बरं. पंचनामा तरी झाला," म्हणाली, आणि कुणाला तरी पापलेटचा भाव ओरडून सांगत तिने फोन ठेवला.