दाणोलीच्या व्हाळात कुर्ल्या मोजताना

सावंतवाडीहून आंबोलीला जाणाऱ्या एसटीतून आम्ही घाट लागायच्या आधीच, दाणोलीला उतरलो. धबधब्याखाली भिजायला वर माणसं कमी नाहीत. आम्हाला बघायचा होता पायथ्याचा व्हाळ, म्हणजे ओढा. गावातली कॉलेजची पोरं पावसाळ्यात तिथल्या कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, नोंद ठेवतात.

पद्धत साधी. व्हाळाचा ठरावीक टप्पा घ्यायचा आणि प्रवाहाच्या उलट चढत जायचं, म्हणजे गढूळ पाणी मागे राहतं. दगड उचलायचा, कुर्ली मागून कवचाच्या दोन्ही कडांना धरायची, पट्टीने कवचाची रुंदी मापायची, पोट बघायचं. निमुळतं असेल तर नर, रुंद असेल तर मादी. एका मादीच्या पोटाखालचं झाकण जरा उघडलं, तर आत तुरीच्या डाळीएवढी पिल्लं, पायांसकट पूर्ण कुर्ल्या! समुद्रातल्या खेकड्यांची पिल्लं आधी पाण्यावर तरंगत दूर जातात. गोड्या पाण्यातल्यांना ती अवस्थाच नाही. म्हणून एक व्हाळ रिकामा झाला की शेजारच्या व्हाळातून तो सहज भरत नाही. २०१६ साली सह्याद्रीतल्या अशा खेकड्यांच्या पाच नव्या जातींची नोंद झाली. त्यातली एक जांभळी जात वर आंबोलीचीच.

काठावरच्या आजी आमच्याकडे बघत होत्या. "दगड व्हतो तसोच ठेवा हां, नायतर कुर्लेचा घर मोडतला." पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन कुर्ल्या पकडणं इथं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आणि कुर्ल्यांचं सार मलाही आवडतं. पोरांनी बंदीचा हट्ट धरलेला नाही, हे मला पटलं. पिल्लंवाली मादी सोडा, एवढंच ते सांगतात. खरा राग ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणाऱ्यांवर आहे. ती पावडर कुर्ल्या, पिल्लं, सगळंच संपवते.

जाणार असाल तर गमबूट हवेतच. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, इकडे पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची, भीती असते. नंतर ताप आला तर व्हाळात उतरल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. दगडाखाली थेट हात घालू नका, फुरसं असू शकतं. दुसऱ्या व्हाळावर जाण्याआधी बूट घासून पूर्ण वाळवा. युरोपात क्रेफिशचा (खेकड्यांच्याच नात्यातला, झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला प्राणी) जीवघेणा रोग ओल्या साहित्यावरूनही पसरला. राखीव जंगलात शिरायचं तर आधी वनखात्याची परवानगी घ्या. आणि परतीच्या एसटीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.