स्लाइड नं. १४ : तो ओरखडा नव्हता, रूळ होता

मंडळी, आधी कबुली देऊन टाकतो म्हणजे मोकळा होतो. चार महिने या चौदा नंबरच्या स्लाइडवरून (जुन्या मॅजिक लँटर्नची, म्हणजे त्या काळच्या प्रोजेक्टरची काचेची स्लाइड, वर कुठल्याशा रेल्वे स्टेशनचा फोटो) मी तुमचं डोकं खाल्लं, अर्ध्या ग्रुपला जर्मनीतली स्टेशनं धुंडाळायला लावली, ते सगळं पाण्यात गेलं. स्टेशन जर्मनीतलं नाहीच. आणि ज्या एका गोष्टीवरून ते पहिल्याच दिवशी कळलं असतं, ती मी स्वतःच्या हातानं पुसली होती, दोन रात्री जागून, गिम्प या फोटो-एडिटरमध्ये, चारशे टक्के झूम करून. वर तुम्ही "काय सफाई केली भाऊ" म्हणून अंगठे दिले होते, ते परत घेतले तरी चालेल.

जर्मनीची थिअरी दोन पायांवर उभी होती. एक म्हणजे गाडी आपल्याकडे तोंड करून येतेय आणि ती डावीकडच्या लाइनवर आहे, म्हणजे तिच्या हिशोबानं ती उजव्या बाजूनं चालते. इंग्लंड, फ्रान्स, आपण, सगळे डाव्या बाजूचे, मग बफर (पुढचे धक्का झेलणारे दोन गोल) असलेलं इंजिन उजवीकडून म्हटल्यावर जर्मनीच सुचणार. दुसरं म्हणजे स्टेशनच्या बोर्डावरची ती दोन धुरकट अक्षरं, 'एन' आणि 'ओ', पुढचं सगळं दिव्याच्या खांबामागे. मी नॉर्डहाउझेन, नॉर्डलिंगेन, जे जे 'नो'पासून सुरू होतं ते सगळं पालथं घातलं. स्लाइड सव्वातीन इंची चौरस आहे, म्हणजे इंग्लिश माप, हे तेव्हाच दोघांनी सांगितलं होतं, पण इंग्लिश कंपन्या जगभरातले देखावे विकायच्या म्हणून मी ते उडवून लावलं. माप पाहून फोटो कुठला ते ठरत नाही हे अजूनही खरंच आहे, पण आता कोणत्या तोंडानं बोलू.

तर झालं असं. नोव्हेंबर आला की गावातले पेन्शनवाले माझ्याकडे मोबाइलवर हयातीचा दाखला काढायला येतात. परवा आमचे गँगमन काका आले, शकुंतला रेल्वेवर उभी हयात काढलेली, दारव्हा-यवतमाळ पट्टा पायी मोजलेला माणूस. नेट चालेना, म्हणून बसल्या बसल्या त्यांच्या हातात चौदा नंबर दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. आपण सगळे आधी इंजिन पाहतो, चिमणी पाहतो, डोम पाहतो. काकाची नजर सरळ खाली.

"हे तीन रूळ काऊन हायेत गा?"

मी म्हटलं काका, दोनच आहेत, मधली रेघ म्हणजे काचेवरचा ओरखडा आहे.

"ओरखड्याची सावली पडते काय बाप्पा?"

मी भिंग घेतलं. पडलेली होती. त्या रेघेच्या एका अंगाला केसाएवढी काळी सावली, गिट्टीवर, बाजूच्या दोन्ही रुळांना आहे तशीच. वरून काका म्हणतात, "अन् आडवे स्लीपर कुठी गेले? रूळ त लांब लाकडावर टाकून दिसते." मी म्हटलं गिट्टीखाली झाकले असतील, तर माझ्याकडे असं पाहिलं की पुढं बोललोच नाही.

रात्री जुनी रॉ फाइल (साफसफाईच्या आधीची) उघडली (नशीब ठेवली होती, नाहीतर मी साफ केलेल्या फाइलीच ठेवतो, ही सवय आजपासून बंद). लाइन सरळ आत जाते, त्यामुळे एकच आडवी रेघ मारून पिक्सेल मोजले तरी प्रमाण बिघडत नाही. बाहेरच्या दोन रुळांत ४१२, प्लॅटफॉर्मकडचा आणि मधला यांच्यात २७७. भागाकार १.४९. आता इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा ब्रॉड गेज (गेज म्हणजे दोन रुळांतलं अंतर) ७ फूट पाव इंच म्हणजे २१४० मिमी, स्टँडर्ड १४३५, भागून पाहा. १.४९! रात्री साडेबाराला मी एवढ्या जोरात ओरडलो की बायको काठी घेऊन आली, तिला वाटलं साप निघाला.

तर हा मिक्स्ड गेज आहे, म्हणजे तीन रुळांवर दोन्ही मापांच्या गाड्या चालायच्या. ग्रेट वेस्टर्नचा इंजिनिअर ब्रुनेल, त्याची लाइन, लांब लाकडावर बसवलेले रूळ, चित्रकार बॉर्नच्या १८४६ च्या लिथोग्राफमध्ये (छापील चित्रांत) ती लाकडं स्वच्छ दिसतात, फक्त तिथं अजून तिसरा रूळ नाही. इलेक्ट्रिकचा तिसरा रूळ असेल अशी शंका कोणी काढायच्या आधीच सांगतो, तो इन्सुलेटरवर उचललेला असतो, हा बाकीच्या दोघांच्या पातळीत आहे. आणि दोन्ही गेजचा सामाईक रूळ प्लॅटफॉर्मच्या बाजूला आहे, म्हणजे कोणत्याही गेजचा डबा आला तरी फलाटाला लागूनच उभा राहील.

पण मग गाडी उजव्या बाजूनं कशी चालते? इथं माझी ट्यूब पेटली. स्लाइड उलटी आहे. कोपऱ्यातला पांढरा गोल ठिपका डाव्या हाताला खाली ठेवून पाहायचं हा नियम आपण सगळे पाळतो, पण या स्लाइडच्या काचांच्या कडेची काळी पट्टी नंतर कोणीतरी बदललेली आहे आणि ठिपका भलत्याच बाजूला चिकटवलाय. दोन्ही बाजूंनी काच, इमल्शन (चित्राचा थर) आत, कळणार कसं. फाइल फ्लिप केली, फलाटावरच्या टोपीवाल्याच्या कोटाचा डावा पल्ला वर आला, पुरुषाच्या कोटाचा असतो तसा. गाडी उजवीकडच्या लाइनवर गेली, म्हणजे तिच्या डाव्या बाजूनं. आणि बोर्डावरचं 'नो' झालं 'ऑन', तेही नावाच्या शेवटी. चार महिने मी नाव शेपटीकडून वाचत होतो राव.

आता 'ऑन'नं संपणारं. पॅडिंग्टन नाही, तिथं १८५४ पासूनचं मोठं छत आहे आणि इथं वर मोकळं आभाळ दिसतंय. स्विंडन किंवा टॉन्टन धरून चाललोय. मन स्विंडनकडे ओढतं, कारण तिथं सगळ्या गाड्या खाण्यासाठी दहा मिनिटं थांबायच्या, हे १८९५ पर्यंत चाललं, आणि फलाटावरची ही गर्दी तशीच उतरून पाय मोकळे करणारी वाटते. तिथल्या कॉफीवर खुद्द ब्रुनेलनं खरमरीत पत्र लिहिलं होतं. आपल्या मूर्तिजापूरच्या फलाटावरचा चहा बिचाऱ्याला मिळाला नाही.

साल १८९२ च्या आधीचं हे नक्की, कारण त्या साली ब्रॉड गेज संपला. माणसं एवढी टोकदार आलीत म्हणजे ड्राय प्लेट (झटपट फोटो घेणारी काच), म्हणून १८८० च्या आधी मी जाणार नाही.

सेटअप विचारणाऱ्यांना : स्कॅनर सोडला. ट्रेसिंगचा एलईडी पॅड, स्लाइड त्याच्यापासून दोन काडीपेट्या उभ्या करून वर उचललेली (थेट ठेवली तर पॅडवरचा कचरा फोटोत येतो), वरून कॅमेरा. साडेआठशे रुपयांचा पॅड आहे, त्यानं स्कॅनरला लाजवलं. ज्या विक्रेत्यानं ही पेटी पाठवली त्याच्याकडून मात्र पुन्हा घेणार नाही, काचा नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या होत्या, नऊ नंबर तडकूनच आली.

पट्टी कापून आतला कागद पाहायचा असं ठरवलं होतं, ब्लेडही आणलं, पण हे लिहिता लिहिता वेगळंच सुचलं. इंजिन स्टँडर्ड गेजचं असेल तर ते सामाईक रुळाकडे सरकलेलं दिसणार, ब्रॉडचं असेल तर बरोब्बर मधे. त्या लाइनचे रूळ इंजिनापुढे थोडेसे दिसतात, स्मोकबॉक्सच्या (इंजिनाच्या पुढच्या गोल तोंडाच्या) मध्यापासून दोन्हीकडे मोजलं की झालं. पट्टीला हात न लावता काम होतंय तर ब्लेड राहू दे. उद्या सकाळी, आत्ता लाइट गेली आहे आणि लॅपटॉप शेवटच्या घटका मोजतोय.

काल काकांचा दाखला निघाला तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. मे १८९२ मध्ये इंग्लंडच्या पश्चिमेकडची १७१ मैल लाइन ४,००० हून जास्त गँगमननी शनिवार-रविवार धरून ब्रॉडची स्टँडर्ड केली, सोमवारी गाड्या चालू. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अन् ओव्हरटाइम भेटला काय त्याईले?"