सुट्टीतले डबे, झाकणे आणि पापड्या

आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि तिच्या बालवर्गाला जूनपर्यंत सुट्टी आहे. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत सकाळी दहानंतर मुलांना खाली नेता येणार नाही इतके ऊन असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी माँटेसरी पद्धतीच्या, म्हणजे मुलाने स्वतःच्या हाताने काम करत शिकण्याच्या, साहित्याच्या किमती शोधू लागले. १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत वाढत जाणाऱ्या दहा लाकडी घनांच्या गुलाबी मनोऱ्याचे चित्र मी पाहत होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे एकात एक बसणारे डबे आहेत की." मी तो संच मागवला नाही.

मांडणीवरचे सात स्टीलचे डबे आणि त्यांची झाकणे आम्ही चटईवर ठेवली. माँटेसरी पद्धतीत चूक मोठ्यांनी दाखवायची नसते, ती साहित्यातूनच मुलाला कळावी लागते. आणि डब्याइतके हे काम चोख करणारे दुसरे काही मला सापडलेले नाही, कारण लहान झाकण मोठ्या डब्यात पडते आणि मोठे झाकण लहान डब्यावर डगमगत राहते. पहिल्या दिवशी तिने पाचव्या डब्यावर चौथे झाकण तीन वेळा ठेवून पाहिले. "तो नाही, तो घे" हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी हात मागे बांधून बसले. चौथ्या वेळी तिने स्वतःच ते झाकण बाजूला ठेवले आणि त्यानंतर जवळजवळ वीस मिनिटे तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

व्यवसायाने डॉक्टर असलेल्या मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले 'बालगृह', म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडले, आणि १९३९ मध्ये त्या मद्रासला येऊन पुढची कित्येक वर्षे भारतात राहिल्या. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण मात्र बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे आहे. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, त्यांनी महागड्या साहित्याऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातल्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. हे आठवले की महागड्या खोक्याचा मोह मला सोडून जातो.

ओतण्याचे काम आम्ही राजम्यापासून सुरू केले. ताटात दोन वाट्या, एकीत मूठभर राजमा. मी एकदाच, काही न बोलता, अगदी सावकाश करून दाखवले, कारण मी बोलू लागले की ती हाताऐवजी माझ्या तोंडाकडे पाहते. दाणे सांडेनासे झाल्यावर पाणी आले आणि पाण्याबरोबर तिचे स्वतःचे छोटे फडके. सांडलेले पुसणे हाही त्याच कामाचा भाग आहे, शिक्षा नव्हे, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे लागले. तीन वर्षांखालचे भावंड घरात असेल, तर दाण्यांचा खेळ टाळावा, कारण दाणा नाकात किंवा घशात जायला क्षणही पुरतो.

अक्षरांसाठी मी सुताराचा पॉलिश पेपर आणून पुठ्ठ्यावर 'म', 'आ' आणि 'क' चिकटवले. ती पहिल्या दोन बोटांनी, आपण लिहितो त्याच दिशेने, अक्षर गिरवते. आधी मी "हा म" म्हणते, मग "म कुठे आहे?" विचारते आणि ती न चुकता दाखवू लागली की शेवटी "हा कोण?" विचारते. दुसऱ्या प्रश्नापाशी ती अडली, तर मी त्या दिवशी पुठ्ठे उचलून ठेवते. मोगऱ्याची फुले ओवणे आणि रुमाल धुणे ही कामे मला फारशी शिकवावी लागली नाहीत.

सर्वांत चांगले काम मात्र मी योजलेलेच नव्हते. सासूबाई सकाळी सातला गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालतात. त्यांनी तिला एक पळी दिली आणि प्लास्टिकचा एक कोपरा तिच्यासाठी सोडला. तिच्या पापड्या जाड झाल्या आणि वाळायला एक दिवस अधिक लागला. परवा त्या तळल्या, तेव्हा तिने ताटातून स्वतःच्या पापड्या ओळखून वेगळ्या काढल्या आणि प्रत्येकाला एकेक वाढली.