मागच्या खुर्चीवरची चेलोवादक

वेंगुर्ले, हरतालिका

गणपतीच्या वरची माटवी बांधून झाल्यावर दुपारी माजघरात चेलोची, म्हणजे बसून गुडघ्यांत धरून वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याची, पेटी उघडली आणि सवयीप्रमाणे वाद्याच्या कडेकडेने बोटाच्या पेराने टकटक करून पाहिले. कोकणातल्या पावसाळ्यात हे करावेच लागते. चेलोच्या पुढच्या आणि मागच्या फळ्या बाजूच्या पट्ट्यांना सरसाने चिकटवलेल्या असतात आणि हा सरस मुद्दामच लाकडापेक्षा कमजोर ठेवलेला असतो, म्हणजे दमट हवेने लाकूड फुगले तर जोड सुटतो, पण फळीला चीर जात नाही. सुटलेल्या जोडावर टिचकी मारली की आवाज फुटका येतो. आज खालच्या डाव्या अंगाला तो तसा आलाच. मुंबईला गेल्यावर कारागिराकडे न्यावा लागेल. गजाचे, म्हणजे तारांवर ओढायच्या काठीचे केसही ओल धरून लांबले आहेत, स्क्रू कितीही पिळला तरी हवा तो ताण येत नाही. त्यामुळे तासभर नुसत्या मोकळ्या तारांवर सावकाश गज ओढत बसले.

आत्या करंज्या भरता भरता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाये, ह्यां सगळा खरा, पण तू एकटाच कधी वाजवतलंस?"

प्रश्न नेहमीचाच आहे आणि त्यात आत्याचा काही दोष नाही, कारण आमचे सगळे शिक्षण एकट्याने वाजवण्यासाठीच बेतलेले असते. सुरुवातीची वर्षे उजव्या हातात जातात: दंडाचे वजन मनगटातून गजात कसे उतरवायचे आणि गजाच्या टोकाशी आवाज बारीक होऊ न देता दिशा कशी बदलायची, एवढेच. डावा हात त्या मानाने लवकर तयार होतो. मग अंगठा मानेमागून काढून तारांवर आडवा ठेवायची पाळी येते. त्या जागी कातडी जाड होईपर्यंत बऱ्यापैकी दुखते आणि ते दुखणे टाळण्याचा उपाय कोणत्याही गुरूला सापडलेला नाही. पुढे पॉपर या चेलोवादकाचे ४० अभ्यासपाठ, बाखचे सहा स्वीट, म्हणजे नृत्यरचनांचे संच, आणि हायडनचा १७८३ सालचा डी मेजर कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना. यांतले अभ्यासपाठ आणि स्वीट तर साथीशिवायच वाजवायचे आणि कॉन्चेर्टोतही ऑर्केस्ट्रा असतो तो आपल्या मागे.

ऑर्केस्ट्रातल्या नोकरीच्या परीक्षेतही तोच हायडन आधी विचारतात. पण खरा निकाल लागतो तो त्यानंतर, ऑर्केस्ट्राच्या कृतींमधले निवडक तुकडे समोर ठेवतात तेव्हा. बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीच्या दुसऱ्या भागाची सुरुवात त्यांत हमखास असते. ती धून चेलो आणि व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे वाद्य) मिळून वाजवतात, म्हणजे परीक्षार्थ्याने तिथे नसलेल्या व्हायोला मनात ऐकत वाजवणे अपेक्षित असते. अनेक ठिकाणी परीक्षक पडद्याआड बसतात आणि तुमचे नाव, वय किंवा चेहरा त्यांना कळत नाही. ही पद्धत मला मनापासून न्याय्य वाटते, पण ज्या गोष्टीची परीक्षा पडद्याआडून घेताच येत नाही, ती म्हणजे शेजाऱ्याबरोबर बसणे.

स्वरलिपी ठेवायच्या एका स्टँडसमोर दोघे बसतात. पान उलटायचे ते आतल्या बाजूच्याने, आणि तो उलटत असताना बाहेरच्याने सूर तुटू द्यायचा नाही. गज कुठे वर, कुठे खाली हे प्रमुख वादक ठरवतो; त्या खुणा पेन्सिलीने मागच्या स्टँडपर्यंत पोहोचतात आणि पटो न पटो, पाळायच्या. मागे बसणाऱ्याने कानावर पूर्ण विसंबून चालत नाही, कारण पुढच्यांचा आवाज आपल्यापर्यंत यायला क्षणभर लागतो. डोळे त्यांच्या गजावर ठेवावे लागतात. आमच्या डबलबारीत, म्हणजे भजनाच्या जुगलबंदीत, बुवांच्या मागे बसलेल्या कोरसवाल्यांना हे आपसूक येते: बुवा ओळ कुठे सोडणार हे त्यांना बुवांच्या खांद्यांवरूनच कळते. मला ते वयाच्या तिशीत शिकावे लागले.

प्रसिद्ध इटालियन ऑर्केस्ट्रा-संचालक तोस्कानिनी मुळात चेलोवादक होता. १८८६ साली रिओ दि जानेरोमध्ये ऐन वेळी उभे राहून त्याने व्हेर्दीच्या 'आईदा' या ऑपेराचे संचालन केले आणि नाव मिळवले. तरी पुढच्याच वर्षी, ५ फेब्रुवारी १८८७ रोजी, मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात व्हेर्दीच्या 'ओथेल्लो'चा पहिला प्रयोग झाला तेव्हा तो ऑर्केस्ट्रात दुसऱ्या चेलोच्या जागेवर बसला होता. संचालक म्हणून टाळ्या घेतलेला माणूस परत रांगेत बसतो, याचे मला जितके अप्रूप वाटते तितके कोणत्याही एकलवादनाचे वाटत नाही.

आपल्याकडे अशा खुर्च्याच कमी आहेत. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला; त्याआधी पिढ्यान् पिढ्या तेरेखोलपलीकडची, म्हणजे गोव्यातली, चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली मंडळी मुंबईच्या सिनेसंगीतात व्हायोलिन-चेलो वाजवून घर चालवत होती. आजही आमच्यापैकी बहुतेकांचे पोट शिकवण्या, ध्वनिमुद्रणे आणि हॉटेलांतल्या लग्नांवर चालते. तिथेही बहुतेक वेळा खालचीच, म्हणजे धुनेला साथ करणारी, ओळ वाट्याला येते.

माझ्या विद्यार्थ्यांना मी म्हणूनच पहिल्या वर्षापासून दोन चेलोंच्या तुकड्यांतली खालची ओळ आधी देते, वरची मी वाजवते. पालकांना हे रुचत नाही, स्नेहसंमेलनात मुलाची धून ओळखू येत नाही अशी त्यांची तक्रार असते. मी पद्धत बदललेली नाही.