गरोदरपणात आतडं अडकतं तेव्हा

गरोदर बाईच्या पोटात थांबून थांबून कळ येते, उलट्या सुरू होतात, तेव्हा सर्जन म्हणून मी आधी विचारतो, ‘ताई, गॅस सरतोय का?’ संडासला न होणं लोहाच्या गोळ्यांनीही होतं. पण गॅसही बंद आणि उलटी हिरवी, तर आतडं अडकल्याची शंका घ्यायलाच हवी. गरोदरपणातल्या नेहमीच्या उलट्या पहिल्या तीन महिन्यांत सुरू होतात. पाचव्या महिन्यानंतर पहिल्यांदाच लागलेल्या उलट्यांना ‘पोटुशीला होतंच’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

मग पोटावरचे जुने व्रण पाहतो. सिझर किंवा अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर आत राहिलेली चिकट, म्हणजे आतडी एकमेकांना किंवा पोटाला चिकटवणारे पट्टे, हे सगळ्यात मोठं कारण. त्याखालोखाल आतड्याला पडलेला पीळ. एरवीपेक्षा गरोदरपणात तो बराच जास्त दिसतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भाशय वर सरकतं, आठव्यानंतर बाळाचं डोकं खाली उतरतं, बाळंतपणानंतर गर्भाशय आक्रसतं. या तिन्ही वेळी आतडी जागा बदलतात. वजन घटवण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेली असेल तर मी अजिबात थांबत नाही.

तपासणी फसवते. मोठ्या गर्भाशयामागे पोटाची फुगी लपते, आणि पांढऱ्या पेशी 15,000 असल्या तरी गरोदरपणात ते नॉर्मल असू शकतं. सोनोग्राफीत लहान आतडं 2.5 सेंटिमीटरहून रुंद आणि आतलं पाणी पुढं-मागं हलताना दिसलं तर संशय पक्का होतो. पुढे एमआरआय, पण गॅडोलिनियम (शिरेतून देतात ते तपासणीचं औषध) न देता. तो लगेच मिळत नसेल तर एक्स-रे किंवा सीटी करावा. एका सीटीत बाळाला पोचणारं रेडिएशन सहसा 35 मिलिग्रेच्या (रेडिएशन मोजण्याचं एकक) आत असतं. 50 च्या खाली बाळात व्यंग आल्याचं आढळलेलं नाही. किरणांच्या भीतीपोटी आतडं काळं पडू देणं आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं.

तोंडावाटे सगळं बंद, नाकातून जठरात जाणारी 16 नंबरची राईल्स ट्यूब, रिंगर लॅक्टेटचं सलाईन, पोटॅशियमची भरपाई, आईला डाव्या कुशीवर. लघवी तासाला वजनाच्या दर किलोमागे निदान 0.5 मिली हवी. बरेच दिवस उलट्या असतील तर डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या सलाईनच्या) आधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. ट्यूबच्या पिशवीत पाणी कमी येऊ लागलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात, पण पुष्कळदा नळीच बुजलेली असते. 20 मिली सलाईननं ती धुऊन पाहावी, मगच सुधारणा म्हणावी.

चिकटीमुळे अडकलं असेल आणि आई स्थिर असेल तर 24 ते 48 तास पाहता येतं. सिग्मॉइडचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाचा पीळ आतडं जिवंत असेल तर गुदद्वारातून घातलेल्या दुर्बिणीनं सोडवता येतो. मात्र कळ अखंड झाली, ताप आला, नाडी धावू लागली किंवा रक्तातलं लॅक्टेट वाढलं की त्याच दिवशी ऑपरेशन, मग महिना कुठलाही असो. बाळ 24 ते 34 आठवड्यांचं असेल आणि लवकर प्रसूतीची शक्यता दिसत असेल तर फुप्फुसांसाठी स्टिरॉइड द्यावं, पण त्यासाठी ऑपरेशन लांबवू नये. उघडून करायचं तर मधोमध उभा छेद घेतो, म्हणजे सगळं आतडं हातात घेऊन तपासता येतं. सिझर लगोलग उरकायचं नाही. प्रसूतीचं स्वतंत्र कारण असेल किंवा गर्भाशयामुळे आतड्यापर्यंत पोचताच येत नसेल तरच. नंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिन, आणि प्रसूतीच्या कळा सुरू होतात का यावर लक्ष.